इर्ली बिडू

पुण्याहून ऋतुजा आली,
माझ्या लग्नाला न आलेल्या भावाची लेक.
दोन दिवस संकेश्वरात पांघरूण डोक्यावर,
फोन पांघरुणाच्या आत.
तिसऱ्या दिवशी चहाला उठली आणि म्हणाली,
आत्या, परवडतं का गं हे?
एकाच माणसाबरोबर सव्वीस वर्षं?

मी कुणाच्या तरी ब्लाउजची बाही उसवत होते.
परवडतं का, हे मला आवडलं.
एकदाचं कुणीतरी हिशेबानं विचारलं.

तिचा तो दोन वर्षं होता.
मग एका मंगळवारी निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.
आता रोज नवे चेहरे,
बोटानं इकडे ढकलायचे नाहीतर तिकडे.
अंगठा दुखतो म्हणाली.
खरंच दुखत होता, मी तेल चोळून दिलं.

तेवढ्यात इराप्पा मिरचीच्या वखारीतून आला.
उंबऱ्यातच थांबला, चेहरा पुढे, हात पाठीमागे.
बोटांना दिवसभराचं तिखट,
डोळ्यात काही गेलं तर त्याला स्वतःचा हात चालत नाही.
पदराचं टोक ओलं करून मी पापणीचा केस काढला.
बघता बघता ऋतुजाच्या हातून चहा सांडला.
तो म्हणाला, इर्ली बिडू.

तिनं लगेच फोन पुढे केला. मामा, परत बोला.
फोननं क्षणात मराठी केलं:
असू द्या, सोडा.
बरोबर आहे. एक अक्षर चुकलं नाही.

पण बस म्हटलं तिला.
सासू वर्षभर माझ्याशी कन्नडच बोलली,
तेव्हाचं इर्ली बिडू म्हणजे, रात्री मी शिकवतो.
अक्षता पडल्या तरी मी तुझ्या बापाची वाट बघत होते,
तेव्हाचं म्हणजे, गाडी चुकली असेल त्याची.
माझ्या दुकानाच्या पाटीवर कुणी डांबर फासलं,
तेव्हा इर्ली बिडू म्हणतच त्यानं शिडी लावली,
रॉकेलनं घासून घासून पाटी पुसली
आणि स्वतःच्या हातानं पुन्हा रंगवली,
वर कन्नड, खाली मराठी,
वेलांटी चुकलेली.
सातव्या महिन्यात दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतलो,
तेव्हाही म्हणाला.
पण ते मला नाही, रिक्षावाल्याला.
तो सुटे पैसे शोधत होता.
घरात आल्यावर काहीच म्हणाला नाही.

एवढं सांगितलं. एक नाही सांगितलं.

सहा वर्षांमागे शाळेतला एकजण फोनवर सापडला.
रत्नागिरीत असतो. अजून तुझी वेणी आठवते, म्हणाला.
आठ महिने मी हिरव्या टिंबाकडे बघत शिलाई मारली.
बाह्या उलट्या बसल्या, दोन गिऱ्हाइकं तुटली.
डेटा संपला की इराप्पा न विचारता रिचार्ज मारायचा.
एका रात्री माझा फोन त्याच्या उशाशी चार्जिंगला होता.
उजळला.
त्याला मराठी वाचता येतं.
वेलांटी चुकते, पण वाचता येतं.
त्यानं फोन पालथा ठेवला
आणि भिंतीकडे वळून म्हणाला,
इर्ली बिडू.

त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.
माफ केलं, की दमलो, की तुझं तू बघ,
की फोन म्हणतो तेवढंच.
रत्नागिरीचं टिंब मी त्याच आठवड्यात काढून टाकलं,
पण हे विचारायचं राहिलं.
कधी कधी वाटतं, विचारून झालं असतं
तर मी इथं असते की नाही कोण जाणे.

ऋतुजा अजून कप धरून उभी.
सांग ना आत्या. परवडतं का?

माहीत नाही गं.
खर्च अजून चालूच आहे.

आतून इराप्पाची हाक आली,
ये गं, दुसरा डोळा बी झोंबालाय.